सूर्यमालेच्या टोकाचे बटुग्रह आणि त्यांचे चंद्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाचा कार्यक्रम असो की शाळेतलं व्याख्यान, शनीची कडी पाहून झाली की कुणीतरी विचारतंच, "पण प्लूटोचं काय झालं हो?" ग्रह की बटुग्रह या वादाला आता वीसेक वर्षं होत आली. त्या गदारोळात या गोळ्यांचे चंद्र मागे पडले, असं मला वाटतं. खरं तर त्यांच्याबद्दल आपल्याला जे काही ठामपणे माहीत आहे, त्यातलं बरंचसं त्यांच्या चंद्रांनीच सांगितलेलं आहे. म्हणून तो वाद पहिल्या दोन प्रश्नांत आटोपला आहे आणि बाकीची जागा मुख्यतः चंद्रांना दिली आहे.

१. बटुग्रह म्हणजे नेमकं काय? प्लूटोला ग्रहांतून का काढलं?

२४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग इथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेच्या अधिवेशनात ग्रहाची व्याख्या मतदानाने ठरली. ग्रह म्हणवून घ्यायचं तर तीन अटी आहेत: सूर्याभोवती फिरायचं, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने जवळपास गोल झालेलं असायचं, आणि कक्षेच्या परिसरात आपला वरचष्मा असायचा. पहिल्या दोन अटी पुऱ्या होतात, तिसरी होत नाही आणि तो पिंड कुणाचा चंद्रही नाही, तर तो बटुग्रह. शेवटचं कलम बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. ते प्रश्न ८ मध्ये कामाला येईल.

"नेपच्यूनचा रस्ता ओलांडतो म्हणून काढलं" हे उत्तर अर्धवट आहे. प्लूटो नेपच्यूनच्या पलीकडच्या क्यूपर पट्ट्यातल्या हजारो बर्फाळ गोळ्यांच्या गर्दीत राहतो आणि त्या गर्दीवर त्याची काही हुकमत नाही. निमित्त झालं ते एरिसचं. २००५ मध्ये त्याची घोषणा झाली तेव्हा तो प्लूटोहून मोठा वाटत होता. त्याला दहावा ग्रह मानलं असतं तर पाठोपाठ आणखी कितीतरी उमेदवार रांगेत उभे राहिले असते.

२. बटुग्रह एकूण किती? कुठे पाच वाचतो, कुठे नऊ, कुठे शंभरावर!

संघटनेच्या यादीत पाच आहेत: सेरेस, प्लूटो, हाउमेआ, माकेमाके आणि एरिस. यातला सेरेस मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात आहे, म्हणजे आपल्या विषयाच्या बाहेर. बाकीचे चार नेपच्यूनच्या पलीकडचे.

नऊचा आकडा येतो तो क्वावार, सेडना, गोंगगोंग आणि ऑर्कस धरल्यावर. यांच्याविषयी बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना शंका नाही, फक्त शिक्कामोर्तब झालेलं नाही. शंभरावरचे आकडे आकारावरून बांधलेले अंदाज आहेत. एखादा गोळा अमुक किलोमीटर रुंद आहे म्हणजे तो गोलच असणार, हे दुरून सांगणं अवघड असतं. मी स्वतः नऊ सांगतो आणि पाचच अधिकृत आहेत हेही सांगतो.

३. यांतल्या कोणाला किती चंद्र आहेत?

प्लूटोला पाच: शॅरन, निक्स, हायड्रा, कर्बेरॉस आणि स्टिक्स. हाउमेआला दोन: हिइआका आणि नामाका. एरिसला एक, डिस्नोमिया. माकेमाकेलाही एक, पण त्याला अजून नीटसं नाव मिळालेलं नाही. एमके-२ या टोपणनावावरच त्याचं भागतं. उमेदवारांपैकी क्वावारला वेवट, गोंगगोंगला शियांगल्यू आणि ऑर्कसला वँथ. सेडनाभोवती आजवर चंद्र सापडलेला नाही (प्रश्न १५ पाहा).

माकेमाकेचा चंद्र इतका उशिरा का सापडला, हेही पुष्कळदा विचारतात. माकेमाके २००५ मध्ये सापडला आणि त्याचा चंद्र जाहीर झाला २०१६ मध्ये. हा चंद्र मालकापेक्षा सुमारे १३०० पट अंधुक आणि कोळशासारखा काळा आहे. शिवाय त्याची कक्षा आपल्याला जवळपास कडेने दिसते, त्यामुळे तो बराच काळ माकेमाकेच्या उजेडातच हरवलेला असतो. हबल दुर्बिणीच्या २०१५ मधल्या छायाचित्रांत तो पकडला गेला.

४. पत्रिकेत हर्षल, नेपच्यून, प्लूटो लिहितात. प्लूटो बटुग्रह झाला, मग त्याचं काय?

पारंपरिक नवग्रहांत हे तिघेही नाहीत. ते दुर्बिणीतून सापडल्यानंतर पत्रिकेत आले. प्रागच्या मतदानाने प्लूटोची कक्षा, वेग, वस्तुमान यांतलं काहीच बदललं नाही. बदलली ती यादी. याच्या पुढचं ज्योतिषांना विचारावं.

५. यातला एखादा आपल्या घरच्या दुर्बिणीतून दिसेल का?

सेरेस चांगल्या स्थितीत असेल तर साध्या द्विनेत्रीतूनही दिसतो. प्लूटोची गोष्ट वेगळी. त्याची प्रत (तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका गोळा अंधुक) सध्या १४ च्या पुढे आहे, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्यापेक्षा दोन हजार पटींहून अंधुक. दहा-बारा इंची दुर्बीण, शहरापासून लांबचं काळंकुट्ट आकाश आणि चांगला तारानकाशा एवढं जमलं, तर एक टिपका दिसतो. तो प्लूटोच आहे याची खात्री एका रात्रीत होत नाही. दोन-तीन रात्री त्याच जागेचं चित्र काढून कोणता टिपका सरकला ते पाहावं लागतं. १९३० मध्ये क्लाइड टॉम्बॉ यांनी फ्लॅगस्टाफच्या लॉवेल वेधशाळेत काचेवरच्या छायाचित्रांच्या जोड्या ताडून प्लूटो शोधला, तोही असाच.

महाराष्ट्रातली अडचण अशी की प्लूटो रात्रभर आकाशात असतो तो जुलैच्या अखेरीस, ऐन पावसात. म्हणून पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी, दक्षिणेकडे मकर तारकासमूहात प्रयत्न करावा. शॅरन वेगळा दिसण्याची आशा धरू नये. हाउमेआ आणि माकेमाके सतराव्या प्रतीच्या आसपास आहेत आणि एरिस त्याहूनही अंधुक. ते हौशी निरीक्षकांच्या कॅमेऱ्यात कधीमधी येतात, डोळ्यांना दिसत नाहीत.

६. एवढ्याशा गोळ्यांना चंद्र टिकवता येतात कसे? बुध-शुक्रांना तर एकही नाही.

कारण ते सूर्यापासून फार लांब आहेत. चंद्र टिकणं हे मालकाच्या वजनाइतकंच सूर्य किती दूर आहे यावर अवलंबून असतं. सूर्याची ओढ जिथे क्षीण, तिथे छोट्या गोळ्याचंही राज्य मोठं. पृथ्वीची ही हद्द सुमारे १५ लाख किलोमीटरची. प्लूटोचं वस्तुमान पृथ्वीच्या पाव टक्काही नाही, तरी तो सूर्याच्या सगळ्यात जवळ असताना त्याची हद्द ५० लाख किलोमीटरहून जास्त भरते. त्या मानाने त्याचे पाचही चंद्र अगदी उंबऱ्यातच आहेत. सगळ्यात बाहेरचा हायड्रा ६५ हजार किलोमीटरच्या आत.

चंद्र असणं हा ग्रहपणाचा पुरावा मात्र नाही. १९९३ मध्ये गॅलिलिओ यानाला इडा या लघुग्रहाभोवतीसुद्धा डॅक्टिल नावाचा इवलासा चंद्र दिसला होता.

७. चंद्रावरून बटुग्रहाचं वजन काढतात म्हणतात. ते कसं? यान न पाठवता?

या पानावरचा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. चंद्र किती अंतरावरून फिरतो आणि एका फेरीला किती वेळ घेतो, एवढं कळलं की मधल्या गोळ्याचं वस्तुमान कळतं. केप्लर आणि न्यूटन यांनी हा नियम आपल्या हाती कधीच दिलेला आहे. अंतराचा घन भागिले वेळेचा वर्ग, एवढंच गणित.

एरिसवर करून पाहू. डिस्नोमिया त्याच्यापासून सुमारे ३७,३०० किलोमीटरवर आहे आणि १५.८ दिवसांत फेरी मारतो. आपला चंद्र ३,८४,४०० किलोमीटरवर आहे आणि २७.३ दिवस घेतो. अंतरांचं गुणोत्तर ०.०९७, त्याचा घन ०.०००९१. वेळेचं गुणोत्तर ०.५७८, त्याचा वर्ग ०.३३४. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की ०.००२७ येतात. म्हणजे साडेतीनशेहून थोडे जास्त एरिस एकत्र केले, तर एक पृथ्वी होईल. दहावीचा विद्यार्थी कागदावर करू शकेल असं हे गणित आहे आणि उत्तर व्यावसायिक आकड्याच्या अगदी जवळ जातं.

या मोजणीने एक गंमत उघडकीला आली. एरिस प्लूटोहून सुमारे २७ टक्के जड निघाला. व्यासात मात्र प्लूटो किंचित पुढे: प्लूटो २३७७ किलोमीटर, एरिस साधारण २३२६. आकाराने लहान आणि वजनाने जास्त, म्हणजे एरिसमध्ये बर्फाच्या मानाने खडक अधिक. वस्तुमान कळलं की घनता कळते आणि घनता कळली की आत काय भरलंय याचा अंदाज येतो.

प्लूटोच्या बाबतीत तर चंद्राने सगळं चित्रच पालटून टाकलं. शोध लागल्यानंतर सुरुवातीला तो पृथ्वीएवढ्या वजनाचा असावा असं मानत. पुढे हा अंदाज उतरत गेला, पण हातात ठोस काही नव्हतं. जून १९७८ मध्ये अमेरिकेच्या नौदल वेधशाळेतले जेम्स क्रिस्टी प्लूटोची छायाचित्रं तपासत होते. काही छायाचित्रांत प्लूटोच्या टिपक्याला एका बाजूने फुगवटा दिसत होता, आणि तो ठरावीक काळाने जागा बदलत होता. तो शॅरन होता. त्याची फेरी ६.४ दिवसांची आहे हे कळताच प्लूटो पृथ्वीच्या सुमारे ०.२ टक्के इतकाच भरतो हे स्पष्ट झालं. नशीब असं की १९८५ ते १९९० या काळात दोघं आपल्या नजरेच्या रेषेत आळीपाळीने एकमेकांना झाकत होते. त्या ग्रहणांच्या वेळांवरून त्यांचे आकारही मोजता आले.

८. शॅरन हा चंद्र आहे की प्लूटोचा जुळा भाऊ?

अधिकृतपणे चंद्र. पण प्रश्न रास्त आहे. शॅरनचा व्यास १२१२ किलोमीटर, प्लूटोच्या अर्ध्याहून जास्त. फुगडी घालताना मोठी बहीण आणि धाकटी बहीण हात धरून फिरल्या की धाकटी मोठं वर्तुळ घेते, मोठी लहान घेते, आणि दोघी मधल्या एका बिंदूभोवती फिरतात. तसंच हे आहे. पृथ्वी आणि चंद्र यांचा असा बिंदू पृथ्वीच्या पोटातच येतो. प्लूटो आणि शॅरन यांचा मात्र प्लूटोच्या पृष्ठभागापासून साधारण ९५० किलोमीटर बाहेर, मोकळ्या अवकाशात.

प्रागच्या अधिवेशनात आधी जो मसुदा मांडला होता, त्यात हीच कसोटी लावून शॅरनला ग्रहाचा दर्जा द्यायचा विचार होता. तो मसुदा बारगळला आणि "कुणाचा चंद्र नसावा" हे कलम राहिलं. नेमका बिंदू कुठे पडला म्हणजे चंद्र म्हणायचं आणि कुठे पडला म्हणजे जोडी, हे संघटनेने आजवर ठरवलेलं नाही. ऑर्कस आणि वँथ यांचाही तो बिंदू ऑर्कसच्या बाहेरच पडतो. हे दुखणं एकट्या प्लूटोचं नाही, आणि माझं मत विचाराल तर दोन्ही जोड्यांना जोडीच म्हणायला हवं.

प्लूटो आणि शॅरन दोघंही एकमेकांकडे सदैव एकच बाजू करून फिरतात. प्लूटोच्या अर्ध्या भागावर शॅरन उगवत नाही की मावळत नाही, एका जागी लटकलेला असतो, आपल्या चंद्राच्या सातपट रुंद. दुसऱ्या अर्ध्या भागावरून तो कधीच दिसत नाही. दोघांमध्ये देवाणघेवाणही आहे. प्लूटोवरून निसटलेला मिथेन शॅरनच्या ध्रुवावर, वर्षानुवर्षं चालणाऱ्या हिवाळ्याच्या अंधारात गोठतो. अतिनील किरणांनी त्याची लालसर रसायनं बनतात. न्यू होरायझन्स यान १४ जुलै २०१५ रोजी जवळून गेलं तेव्हा शॅरनची ही लाल टोपी सगळ्या जगाने पाहिली.

९. प्लूटोचे बाकीचे चार चंद्र फार बोलले जात नाहीत. त्यांच्यात विशेष काही आहे का?

आहे. निक्स आणि हायड्रा लांबीला साधारण पन्नास किलोमीटर, कर्बेरॉस आणि स्टिक्स वीसच्या आत. चौघांचा आकार ओबडधोबड. पहिले दोन हबलने २००५ मध्ये टिपले, कर्बेरॉस २०११ मध्ये, स्टिक्स २०१२ मध्ये. न्यू होरायझन्स यान तर २००६ मध्येच निघालं होतं, म्हणजे वाट चालता चालता त्याला दोन नवे चंद्र भेटीच्या यादीत घ्यावे लागले.

शॅरनच्या फेरीला एक धरलं, तर स्टिक्स, निक्स, कर्बेरॉस आणि हायड्रा यांच्या फेऱ्या साधारण तीन, चार, पाच आणि सहा पटींच्या भरतात. अगदी तंतोतंत नाही, पण योगायोग म्हणावा इतकं दूरही नाही. त्यांच्या स्वतःभोवतीच्या गिरक्या मात्र बेबंद. हायड्रा सुमारे दहा तासांत एक गिरकी घेतो. मधोमध एकाऐवजी दोन जड गोळे असले की लहान चंद्रांना एक बाजू धरून बसणं जमत नाही.

१०. हे चंद्र आले कुठून? पकडलेले आहेत का?

मोठ्या बटुग्रहांचे बहुतेक चंद्र टकरींतून जन्मले असावेत, असं मानलं जातं. आपल्या चंद्राबद्दल मानतात तसंच. शॅरनबाबत जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने वेगळं चित्र मांडलं. दोन्ही गोळे एकमेकांवर आदळले, काही तास चिकटून एकत्र फिरले आणि मग फारसे न फुटता विलग झाले, असं संगणकी प्रारूप सांगतं. इतकी थंड, घट्ट बर्फ-खडकाची शरीरं वितळलेल्या गोळ्यांसारखी वागणार नाहीत, हा त्यामागचा मुद्दा. मला तो पटण्यासारखा वाटतो. टकरीचा सगळ्यात ठळक पुरावा मात्र प्लूटोपाशी नाही, हाउमेआपाशी आहे.

११. हाउमेआ अंड्यासारखा का? मग तो "गोल" या अटीत बसतो कसा?

कारण तो चार तासांहूनही कमी वेळात स्वतःभोवती फिरतो. एवढ्या वेगाने फिरणारा गोळा स्वतःच्या गुरुत्वाला शरण गेला तरी लांबटच होणार. अट खरं तर "अगदी गोल असावा" अशी नाहीच. गुरुत्व आणि फिरणं यांचा तोल साधणारा आकार असावा, अशी आहे. हाउमेआ लांबीला २००० किलोमीटरहून जास्त आणि जाडीला त्याच्या निम्म्याच्या आसपास.

ही गिरकी बहुधा जुन्या टकरीची देणगी आहे. त्याच सुमाराच्या कक्षांत त्याच्यासारखंच पाण्याच्या बर्फाने चकचकीत झालेले इतर अनेक तुकडे फिरतात. सूर्यमालेच्या टोकाला सापडलेलं हे पहिलं "कुटुंब". दोन्ही चंद्रही त्यातलेच मानतात. हवाई बेटांच्या पुराणात हाउमेआ देवीची मुलं तिच्या शरीराच्या निरनिराळ्या भागांतून जन्मतात आणि हिइआका, नामाका या तिच्या मुली. इतकं चपखल बारसं क्वचितच होतं.

जानेवारी २०१७ मध्ये हाउमेआ एका ताऱ्यासमोरून गेला. ताऱ्याचा प्रकाश आधी क्षणभर आणि नंतरही क्षणभर मंदावला, त्यावरून त्याला कडं आहे हे समजलं. हाउमेआ तीन गिरक्या घेतो तेवढ्यात कड्यातले कण एक फेरी मारतात.

१२. क्वावारच्या कड्यांवरून शास्त्रज्ञ का गोंधळले?

कडी आणि चंद्र यांच्यामध्ये एक सीमा मानतात, रोश मर्यादा. तिच्या आत मालकाची ओढ तुकड्यांना एकत्र येऊ देत नाही, म्हणून कडी राहतात. बाहेर तुकडे जुळून चंद्र व्हायला हवेत. क्वावारची ही मर्यादा त्याच्या केंद्रापासून सुमारे १८०० किलोमीटरवर आहे. २०२३ मध्ये जाहीर झालेलं त्याचं पहिलं कडं मात्र ४००० किलोमीटरच्याही पलीकडे. त्याच वर्षी सापडलेलं दुसरंही मर्यादेबाहेरच.

एवढ्या थंडीत बर्फाचे कण आदळले की चिकटण्याऐवजी उसळून दूर जातात, हे एक स्पष्टीकरण. दुसरं वेवट या चंद्राकडे बोट दाखवतं. त्याच्या फेरीचा कड्याशी ठरावीक पटीचा मेळ आहे आणि त्या हिसक्यांनी कण जुळायला उसंत मिळत नसावी.

१३. प्लूटो नेपच्यूनवर आदळेल का? आणि ट्रायटन हा या घराण्यातलाच का?

आदळणार नाही. नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्यात प्लूटोच्या दोन, आणि हा ताल असा पक्का आहे की प्लूटो आत येतो तेव्हा नेपच्यून नेहमी दुसरीकडे असतो. १९७९ ते १९९९ ही वीस वर्षं प्लूटो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता, तेव्हाही धोका नव्हता. गंमत म्हणजे प्लूटो युरेनसच्या जितका जवळ जाऊ शकतो तितका नेपच्यूनच्या जात नाही.

ट्रायटनबद्दलचं उत्तर "बहुधा हो". नेपच्यूनचा हा चंद्र २७०० किलोमीटर रुंद, म्हणजे प्लूटोहूनही मोठा, आणि ग्रहाच्या फिरण्याच्या उलट दिशेने फिरतो. ग्रहाबरोबर जन्मलेला मोठा चंद्र असा उलटा फिरत नाही. तो क्यूपर पट्ट्यातून पकडला गेला असावा, आणि तेव्हा तो प्लूटो-शॅरनसारख्या जोडीतला असावा असा एक चांगला तर्क आहे: जोडीदार निसटला, ट्रायटन अडकला. सुटा असता तर त्याला आजही बटुग्रहांच्या पंगतीत मानाचं पान मिळालं असतं.

१४. ही नावं कोण ठेवतं? एकही भारतीय नाव का नाही?

शोधणारा सुचवतो, संघटना मंजूर करते. प्लूटोच्या तालात फिरणाऱ्यांना पाताळाशी संबंधित नावं द्यायची आणि इतर अनेकांना सृष्टीच्या उत्पत्तीशी निगडित देवतांची, असा संकेत आहे. प्लूटो हे नाव ऑक्सफर्डच्या व्हेनेशिया बर्नी या अकरा वर्षांच्या मुलीने सुचवलं होतं. क्रिस्टी यांनी शॅरन हे नाव निवडताना पत्नीच्या नावाचं पहिलं अक्षर साधून घेतलं.

भारतीय नावं आहेत. २००० साली सापडलेल्या क्यूपर पट्ट्यातल्या एका मोठ्या पिंडाचं नाव वरुण आहे, आपल्या वेदांतला. आणि प्लूटोवरच्या पाण्याच्या बर्फाच्या एका पर्वतरांगेला तेनझिंग नोर्गे यांचं नाव २०१७ मध्ये अधिकृतपणे मिळालं. जवळच हिलरी यांच्या नावाचीही रांग आहे.

१५. ज्याला चंद्रच नाही, त्याचं वजन कसं काढतात?

दोनच मार्ग उरतात. एक, यान पाठवायचं. सेरेसला चंद्र नाही, पण २०१५ मध्ये डॉन यान त्याच्याभोवती फिरू लागलं. यान म्हणजे हातचा चंद्रच. गणित प्रश्न ७ मधलंच. दोन, तो पिंड एखाद्या दुसऱ्या गोळ्याजवळून जाताना त्याला किती ओढतो ते मोजायचं. गर्दीच्या लघुग्रह पट्ट्यात हे जमतं, नेपच्यूनपलीकडच्या विरळ प्रदेशात सहसा नाही.

सेडना इथेच अडतो. तो सुमारे १००० किलोमीटर रुंद आहे, रंगाने लालसर आहे, हे कळलं. पण चंद्र नाही आणि यानही नाही, म्हणून वस्तुमान मोजलेलं नाही. पर्यायाने घनताही नाही. तो २०७६ च्या सुमारास सूर्याच्या सगळ्यात जवळ येईल, म्हणजे पृथ्वीच्या अंतराच्या ७६ पट लांब. त्याची एक फेरी ११ हजार वर्षांहून मोठी आहे. तेव्हा यान पाठवायचं तर ते या शतकातच निघायला हवं.